मांजरा कोणत्या विभागात शिकवायची?

नांदेडहून मराठवाड्याच्या अभ्यासाला वाहिलेले संशोधन-नियतकालिक काढायचे म्हटले, की पहिला प्रश्न विषयाचा येतो. इतिहासाचे काढणार की मराठीचे, भूगोलाचे की अर्थशास्त्राचे? विद्यापीठात, महाविद्यालयात, ग्रंथालयात, छापखान्यात, जिथे जिथे या कामाची बोलणी होतात तिथे हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणाऱ्यांचे त्यात काही चुकत नाही. १९९४ साली स्थापन झालेल्या इथल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने विभागांऐवजी संकुले केली हे खरे आहे. पण प्राध्यापकाची नेमणूक अजून विषयाच्या नावाने होते, बढती विषयाच्या नावाने होते, प्रबंधही विषयाच्याच नावाने जमा होतो. तेव्हा नियतकालिकही कुठल्या तरी एका विषयाचे असणार, असे धरून चालणे स्वाभाविक आहे. या कामात जसजसा शिरत गेलो तसतसे माझे मत मात्र उलट बाजूने पक्के होत गेले. मराठवाड्याच्या नियतकालिकाला सीमा हवी ती प्रदेशाची. विषयाची सीमा घातली, तर ज्या प्रश्नांसाठी ते काढायचे तेच प्रश्न त्याच्या बाहेर राहतील.

मांजरा नदी घ्या. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात ती उगम पावते, धाराशिव आणि लातूरच्या शिवारांतून बिदरकडे उतरते, तेलंगणात निजामसागर भरते आणि तिथून उत्तरेला वळून नांदेडच्या कडेने गोदावरीला मिळते. आज ती तीन राज्यांतून वाहते. १९४८ पर्यंत ती एकाच, हैदराबाद संस्थानाची नदी होती. एप्रिल २०१६ मध्ये याच खोऱ्यातल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. ही वेळ का आली, याचे उत्तर कोणी द्यायचे? पाऊस किती कमी पडला ते हवामानाचा अभ्यासक सांगेल, मांजरेवरचे धनेगावचे धरण का भरले नाही ते अभियंता सांगेल. अवर्षणप्रवण खोऱ्यात ऊस आणि साखर कारखाने कसे वाढले हे शेतीच्या अर्थशास्त्राचे काम. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावची हजारो मुले शहरात राहायला आली आणि पाण्याची गरज वाढली, हे शिक्षणाच्या समाजशास्त्राचे. आणि खालच्या अंगाला १९३१ साली निजामसागर पूर्ण झाला तेव्हा वरच्या अंगाच्या तालुक्यांचा विचार कुणी, किती केला होता, हे इतिहासकाराने कागद काढून दाखवायचे. यांपैकी प्रत्येकाचा लेख आज आपापल्या विषयाच्या पत्रिकेत छापून येऊ शकतो. तिथे तो त्या विषयाचे लोक वाचतात. धरणावर लिहिणाऱ्याला उसावरचा लेख दिसत नाही, उसावर लिहिणाऱ्याला संस्थानी दप्तर दिसत नाही. नदी एकच आहे, पण तिच्याविषयीचे ज्ञान पाच कपाटांत पडून आहे आणि प्रत्येक कपाटाची किल्ली वेगळ्या माणसाकडे.

दुसरा पुरावा अधिक वेदनेचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसे गेली. हा भाग भूखंडाचा स्थिर तुकडा समजला जात असल्यामुळे जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष इकडे वळले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने पुढे किल्लारीत खोल छिद्र घेऊन बेसाल्टखालचा खडक तपासला. माकणीच्या निम्न तेरणा धरणाचा या धक्क्याशी काही संबंध होता का, यावरही शास्त्रज्ञांत वाद झाला. हे सगळे संशोधन मोलाचे आहे, आणि जवळजवळ सगळे इंग्रजीत, भूशास्त्राच्या पत्रिकांत आहे. परंतु एवढ्या शक्तीच्या धक्क्याने इतकी माणसे का मेली, याचे उत्तर खडकात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे घरात आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. उन्हाळा सोसण्यासाठी, हाताशी असलेल्या काळ्या दगडातून, लाकूड कमी असलेल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेलेली. ज्या घराने उन्हापासून राखले त्याच घराने त्या पहाटे माणसे गाडली. पुढे पुनर्वसनात सरळ रस्त्यांची, चौकोनी आखणीची नवी गावे उभी राहिली आणि जमीनधारणेप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे वाटली गेली. जुन्या गावठाणातल्या गल्ल्या, वेशी, वस्त्या, कोण कोणाशेजारी राहायचे आणि कोण वेशीबाहेर, हा सगळा नकाशा बदलला. तो बदल कुठे सुटकेचा झाला आणि कुठे तुटलेपणाचा, हे भूशास्त्र सांगू शकत नाही. समाजशास्त्राला ते सांगता येईल, पण माळवदाचे वजन आणि भिंतीची जोडणी समजून घेतल्याशिवाय त्याचेही विवेचन अधांतरी राहील. वाचलेल्या माणसांच्या तोंडी आठवणी मराठीत आहेत. ती माणसे आता म्हातारी होत आहेत. भूशास्त्रज्ञ, वास्तुविशारद, समाजशास्त्रज्ञ आणि आठवणी गोळा करणारा भाषेचा विद्यार्थी, हे चौघे एका अंकात शेजारी बसले पाहिजेत असे मी म्हणतो, त्याचे कारण किल्लारीच आहे.

कागदपत्रांची गोष्टही याहून निराळी नाही. मराठवाड्याचा लेखी पुरावा एका भाषेत नाही आणि एका गावातही नाही. मुघल काळापासूनचे फारसी कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाचा कारभार फारसीतून उर्दूत आला, म्हणून त्यानंतरचे दप्तर उर्दूत आहे. गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांच्या घरांतले कागद मोडीत आहेत. कंधार, होट्टल, निलंगा या परिसरातील शिलालेख वाचायला जुनी कन्नड आणि संस्कृत लागते. नांदेडला तर आणखी एक लिपी आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे इथे देहावसान झाले, पुढे महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वारा बांधवला, त्यामुळे या शहराचा एक मोठा इतिहास गुरुमुखीत आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून इकडे आले, किनवट आदिलाबादेतून आले, आणि नांदेडचा मुधोळ तिकडे गेला. माणसे आणि जमिनी इकडे, दप्तर तिकडे, अशी स्थिती त्यातून झाली. या साऱ्याचे महत्त्व विद्वानांपुरते आहे असे कुणी म्हणत असेल, तर त्याने २०२३ पासूनच्या घडामोडी आठवाव्यात. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटविषयीचा शासननिर्णय निघाला. मराठा-कुणबी आरक्षणाच्या त्या मागणीबद्दल कोणाचे मत काहीही असो, जुनी नोंद कोणी, कशासाठी, कोणत्या वर्गवारीने केली हे समजावून सांगणारे लेखन मराठीत हाताशी असायला हवे होते. ते नव्हते. लाखो लोकांच्या आयुष्याशी जोडलेला प्रश्न सभांतून आणि वाहिन्यांवरून चर्चिला गेला, आणि महसुलाचा, जनगणनेचा, भाषेचा जाणकार एका जागी बसून लिहितो आहे असे व्यासपीठ या प्रदेशापाशी नव्हते.

असे व्यासपीठ पूर्वी नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’, हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचे ‘पंचधारा’, गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ यांनी या भूमीत मोठे काम केले. ‘पंचधारा’ या नावातच शेजारच्या भाषांशी बोलत राहण्याची प्रतिज्ञा आहे. ही नियतकालिके प्रामुख्याने साहित्याची होती आणि साहित्याच्या अंगणात त्यांनी इतिहासाला, समाजचिंतनालाही जागा दिली. पण खरे बहुविद्याशाखीय काम त्या काळात व्यक्तींनी केले. १९१० साली निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी प्रशासनात होते. त्यांनी गोंडी आणि कोलामीची व्याकरणे लिहिली, फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास मांडला, उर्दू काव्य मराठीत आणले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर नाट्यशास्त्रावर, मनुस्मृतीवर, हैदराबादच्या मुक्तिलढ्यावर आणि कादंबरीवर सारख्याच अधिकाराने लिहीत. १९८२ साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी ते गेले. नांदेडमध्ये त्यांच्याविषयी आदराने बोलले जाते आणि ते योग्यच आहे, पण आदराच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. एका माणसाच्या डोक्यात एकत्र आलेल्या विद्या त्या माणसाबरोबर जातात. त्याचे ग्रंथ उरतात, त्याची विचारण्याची पद्धत उरत नाही, कारण ती पद्धत पुढे चालवणारी संस्था मागे नसते. असा माणूस पुन्हा केव्हा जन्मेल याची वाट पाहत बसण्यापेक्षा, त्याच्या एकट्याच्या ठायी जे होते ते दहा जणांनी मिळून करावे, हा मार्ग आपल्या हातातला आहे. नियतकालिक म्हणजे त्या दहा जणांना वर्षातून चार वेळा एकमेकांचे वाचायला भाग पाडणारी व्यवस्था.

अशी व्यवस्था इतरांनी उभी केलेली आहे. अमेरिकेत १९६८ साली आधुनिक ग्रीक अभ्यासाची संघटना स्थापन झाली आणि १९८३ पासून तिचे नियतकालिक जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेतर्फे निघू लागले. ग्रीस म्हटले की जगाला सॉक्रेटिस आणि पार्थेनॉन आठवतात. त्या प्राचीन वैभवाच्या सावलीत आजचा ग्रीक समाज अभ्यासविषय म्हणून दिसेनासा झाला होता, आणि प्राचीन ग्रीकचे विभाग त्याला सहजी जागा देत नव्हते. मग काही अभ्यासकांनी विषयाचे कुंपण काढून देशाचे आणि काळाचे कुंपण घातले. १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली. आशिया मायनरमधून उखडून ग्रीसमध्ये आलेल्यांची संख्या दहा लाखांच्या वर होती. त्या निर्वासितांचा अभ्यास करणाऱ्याला तह वाचावा लागतो, शहरांची वाढ पाहावी लागते, त्यांच्या कादंबऱ्या वाचाव्या लागतात आणि त्यांची गाणीही ऐकावी लागतात. हे सारे एका पत्रिकेत येऊ शकले, कारण तिने विषय विचारला नाही. आपली स्थिती याहून फार वेगळी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक नाविकाने ‘पेरिप्लस’मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर, म्हणजे आपले तेर, आणि तिथून भडोचला जाणारे कापड नोंदवले आहे. तेरचे नाव निघाले की अभ्यासक त्या कापडापाशी आणि तिथल्या जुन्या मूर्तींपाशी थांबतात. त्याच तेरच्या तेरणेकाठी आज शेती कशी चालते, तरुण पुण्याला का जातात, हे प्रश्न त्यांना तितके प्रतिष्ठेचे वाटत नाहीत. प्राचीन तगराइतकेच आजचे तेर अभ्यासाला पात्र आहे, हे म्हणण्यासाठीही अशा पत्रिकेची गरज आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द आपल्याकडे बदनाम झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शोधनिबंधांना गुण दिले, बढती त्या गुणांवर ठरू लागली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचे पेव फुटले. त्यांतल्या बहुतेकींच्या मुखपृष्ठावर हाच शब्द असे, कारण कोणत्याही विषयाचा लेख घ्यायला तो सोयीचा होता. आयोगाने २ मे २०१८ रोजी आपल्या मान्य यादीतून ४,३०५ पत्रिका काढून टाकल्या, नंतर ‘केअर’ची यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही थांबवली. ज्यांनी हा बाजार जवळून पाहिला आहे ते विचारतात, की त्यात आणखी एकीची भर कशाला? हा प्रश्न मला टाळावासा वाटत नाही, कारण तो विचारणाऱ्यांना विद्येची चाड आहे. माझे उत्तर असे, की त्या पत्रिकांना विषयाची सीमा नव्हती तशी दुसरीही कोणती सीमा नव्हती. एका अंकात नॅनो-कण, बँकिंग आणि बालकविता एकत्र येत आणि त्यांतला एकही लेखक दुसऱ्याचा लेख तपासू शकत नसे. जिथे सर्व लेख एकाच भूमीविषयी आहेत तिथे एकाचे विधान दुसऱ्याच्या विधानावर घासून पाहता येते. उसाचे क्षेत्र वाढल्याचे कुणी लिहिले, तर पाण्याचा हिशेब मांडणारा त्याला अडवू शकतो. गावठाणाचा इतिहास कुणी कल्पनेने रंगवला, तर खासरा पाहणीचे कागद वाचलेला माणूस बोट ठेवू शकतो. प्रदेशाची सीमा हीच इथे कसोटी होते.

अर्थात ही कसोटी आपोआप चालत नाही, ती परीक्षणाच्या पद्धतीत बसवावी लागते. प्रत्येक लेख दोन परीक्षकांकडे जावा, त्यांपैकी एक त्या विषयाचा आणि दुसरा जाणूनबुजून परक्या विषयाचा असावा, असा नियम मला आवश्यक वाटतो. विषयातला परीक्षक पद्धत तपासतो, संदर्भ तपासतो. परक्या विषयातला विचारतो, की हा शब्द तुम्ही कोणत्या अर्थाने वापरला, हा आकडा कुठून आला, या गावात नदी आहे हे तुमच्या लेखात कुठेच का नाही? संपादनाच्या कामात असे दिसते, की लेख खरा सुधारतो तो या दुसऱ्या प्रश्नांनी. हे काम वेळखाऊ आहे. परीक्षकाला बहुधा मानधन देता येत नाही, त्याच्याकडून अहवाल येईपर्यंत पुन्हा पुन्हा आठवण करावी लागते, आणि लेखकाला ‘दुरुस्त करून पाठवा’ असे कळवले की काहींना तो अपमान वाटतो. आपल्याकडे लेख नाकारणे हे माणसाला नाकारणे समजले जाते. लेखकाचे नाव परीक्षकाला आणि परीक्षकाचे नाव लेखकाला न कळवण्याची शिस्त नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, पाळायला कठीण जाते. म्हणूनच निदान एक परीक्षक प्रदेशाबाहेरचा, शक्य तर हैदराबाद किंवा कलबुर्गीकडचा असावा. वर्षाला चार अंक जमत नसतील तर दोन काढावेत, पण या पायरीवर तडजोड करू नये.

इंग्रजीत का नाही, हा प्रश्नही हटकून येतो. इंग्रजीत लिहिले तर जग वाचेल, मराठीत लिहिले तर गाव वाचेल, असा त्यामागचा हिशेब. किल्लारीवर जगाने पुष्कळ वाचले आहे. किल्लारीच्या शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकाला त्यातले किती वाचायला मिळाले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. शिवाय यात केवळ वाचकाच्या सोयीचा भाग नाही. शेतकरी, विहिरीवरचा माणूस, तलाठी कार्यालयातला जुना कारकून, गुरुद्वाऱ्यातला सेवेकरी यांच्याकडून आलेली माहिती मराठीत छापली गेली, तर ती चुकीची असल्यास तेच लोक ती दुरुस्त करू शकतात. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनाच तपासता येत नाही असे संशोधन अपुरे असते. इंग्रजी सारांश प्रत्येक लेखाला जरूर जोडावा. बाहेरच्या अभ्यासकाला वाट त्याने सापडेल.

लेखक कुठून आणणार, असेही विचारतात. त्याचे उत्तर ‘अस्मितादर्श’ने देऊन ठेवले आहे. ते सुरू झाले तेव्हा दलित लेखकांची फळी तयार नव्हती, ती त्या पानांवर तयार झाली. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत पाण्यावर, बोलीवर, स्थलांतरावर काम करणारे तरुण आज आहेत. जिथे काळजीपूर्वक वाचले जाईल अशी जागा त्यांना मिळालेली नाही. प्रादेशिक अभिमानाचे मुखपत्र होण्याचा धोका मात्र लेखक न मिळण्याच्या भीतीहून खरा आहे. मागासलेपणाची तक्रार आणि गतवैभवाचे गुणगान या दोन सवयी आपल्या लेखनात खोल रुजल्या आहेत. त्यावर उपाय एकच, की जे विषय आपल्याला अस्वस्थ करतात ते आधी घ्यावेत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानावर झालेल्या पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर काय ओढवले, १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर गावोगावी दलितांची घरे का जाळली गेली, यावर पुराव्यानिशी आणि शांतपणे लिहिलेले लेख जे नियतकालिक छापू शकत नाही, त्याला मराठवाड्याच्या नावाने निघण्याचा अधिकार नाही.

राहता राहिला छपाईचा भाग. त्याला लोक किरकोळ समजतात. लेख येतात ते युनिकोडमध्ये, श्रीलिपीत आणि हस्तलिखितातही. एका फाँटातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरे तुटतात. उर्दू उतारा इनपेजमध्ये जुळवून मराठी पानात बसवायचा, त्याखाली नागरीत उच्चार आणि मग अर्थ द्यायचा, म्हणजे एका तळटीपेला तीन ओळींची जागा लागते आणि तिचे मुद्रितशोधन दोन माणसांना करावे लागते. हा खर्च वर्गणीतून निघत नाही, तो अंदाजपत्रकात आधीच धरावा लागतो. तरीही मूळ उतारा गाळू नये, कारण नुसते भाषांतर छापले की पुढच्या अभ्यासकाला ते तपासायची सोय उरत नाही. पहिला अंक मांजरेच्या खोऱ्यावर काढायचा झाला, तर बिदरहून कन्नडमध्ये आणि निजामाबादहून तेलुगूत लेख मागवावे लागतील, आणि ते मराठीत आणणारे अनुवादक लेखकांच्याही आधी शोधावे लागतील. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर या तालुक्यांत घरी एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणारे शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांच्याशी बोलणी आतापासूनच सुरू करायला हवीत. अनुवादाला लेखाइतकाच वेळ लागतो.